चार अक्षरं आणि एक बाण

पाटी रंगवली इमरिख ब्लाहोनं, सत्तेचाळीसच्या मार्चमध्ये.
एम, ओ, एस, टी. खाली बाण.
नगरपालिकेनं दोन डबे रंग दिला,
तिसऱ्याचे पैसे कधीच आले नाहीत,
म्हणून बाणाचं टोक फिकट.

गावाचं नाव तेव्हा पारकान.
पुढच्या वर्षी तेही बदलून श्टूरोवो झालं.
डॅन्यूब तेवढी होती तशीच राहिली,
आणि बाण दाखवायचा तिथं
नुसते खांब, पाण्यात उभे,
भांडं उचलून नेल्यावर उरलेल्या
चुलीच्या दगडांसारखे.
पळणाऱ्या फौजेनं पूल उडवला, त्याला तीन हिवाळे उलटले होते.

इमरिख डोंगराकडचा, स्लोव्हाक.
तो वाचायचा: मोस्त. पूल.
त्याची बायको पिरोश्का पलीकडच्या एस्टरगोमची, हंगेरियन.
तीच अक्षरं ती वाचायची: मोश्त. आत्ता.

मी लिहितेय त्या लिपीत
हा शब्द लगेच फुटतो,
स एका दारानं आत येतो, श दुसऱ्या.
त्यांच्या लिपीत ती सोय नाही.
तिथं नवरा-बायकोला
एकाच पाटीखाली उभं राहावं लागतं.

"आत्ता म्हणते तुझी पाटी, आणि बाण नदीत.
बुडून मरू का आत्ता?"
"पूल म्हणते."
"कुठाय?"
"होईल."
"म्हणजे तुझ्या भाषेतही खोटंच बोलते."

एकदा वरच्या अंगाचा, ऑस्ट्रियातला एक नावाडी
रिकामी बाटली घेऊन दारात आला.
त्याच्याकडे मोस्ट म्हणजे सफरचंदाची आंबूस दारू,
त्याला वाटलं, इथं मिळते.
इमरिख इतका हसला की खोकला लागला.
त्यानं बाटलीत आलुबुखाराची भरून दिली.
नावाडी म्हणे, ही मोस्ट नाही.
इमरिख म्हणाला, इथं मोस्त पण नाही.

कुणी फळ्या टाकता टाकता केलेला शब्द,
कुणी लॅटिन द्राक्षांतून गाळून घेतलेला,
आणि पिरोश्काचा, म्हणे, फार पूर्वेकडून
घोड्यांच्या खुरांबरोबर आलेला.
तिघांचं नातं काहीच नाही.
एका खुंटीला अडकवलेले तीन परक्यांचे कोट.

पिरोश्काची आई शनिवारी
पलीकडच्या काठावर लाल रजई वाळत घालायची.
लाल म्हणजे बरी आहे.
अलीकडून पिरोश्का हिरवी टांगायची,
तिचं म्हणणं, हिरवी म्हणजे मुलं खातायत.
चौपन्नच्या फेब्रुवारीत एका शनिवारी
दोरी रिकामी.
पुढच्या शनिवारीही.
दुधाची बरणी खाली ठेवून ती पाटीजवळ उभी राहिली,
परवाना यायला पाच आठवडे लागले,
तोवर जमीन वितळून मातीही बसली होती.
त्यानंतर ती पाटीबद्दल कधी बोलली नाही.
इमरिखनंही पुन्हा रंग दिला नाही.

पुढं वादळात पाटी पडली.
तिचं खुराड्याचं दार झालं,
बिजागरीपाशी एक अक्षर झिजलं,
कोंबड्या 'ओ' च्या भोकाला चोच मारायच्या.

दोन हजार एकच्या ऑक्टोबरात पूल झाला.
हिरवा, लोखंडी, बँडवाले, भाषणं.
इमरिखला जाऊन अकरा वर्षं झाली होती.
पिरोश्का पहिल्या दिवशी गेलीच नाही, म्हणाली गर्दी असते.
गेली ती मंगळवारी, नात क्वेताला घेऊन.
बरोबर मध्यावर, जिथं इतकी वर्षं नुसती हवा होती,
तिनं बूट काढून खडा झटकला.
पलीकडे चौकीवर पोऱ्यासारखा अधिकारी:
"कशासाठी जाताय, आजी?"
तिला पुष्कळ सांगता आलं असतं.
"कांदे," ती म्हणाली, "तुमच्याकडे स्वस्त आहेत."

दोन किलो घेतले. घासाघीस केली.
परतताना क्वेतानं नवी चकचकीत पाटी वाचली, शाळेत शिकवतात तशी: मोस्त.
आजीनं पिशवी दुसऱ्या हातात घेतली.
"हो," म्हणाली, "मोश्त."
आणि चालू लागली.