चौतीस अंश

ओदिलिया थाळीत बोट फिरवते.
साळीच्या दाण्याएवढे कोश, कोरडे,
ओतले की वाळूसारखे सळसळतात.
शंभर मोजायचे, पांढरे किती ते लिहायचे.
पांढरा कोश मादीचा. तपकिरी नराचा.

पहिल्या आठवड्यात तिने विचारलं होतं, रंग कोण लावतं?
डॉन्या हेर्मेलिंदा हसल्या नाहीत. स्टूल ओढून बसल्या
आणि वहीच्या मागच्या पानावर काड्या काढल्या:
ही पाचवी जोडी. हा वाय.
कधीतरी, किरणांच्या माऱ्याखाली,
पाचवीचा एक तुकडा मोडला
आणि वायला चिकटला, नको त्या जागी, कायमचा.
तपकिरी रंग त्या तुकड्यात आहे.
ऊन सोसायची ताकदही त्यातच.
वाय बापाकडून मुलाकडे जातो, मुलीकडे नाही.
म्हणून अंडी चौतीस अंशांच्या पाण्यात
एक दिवस, एक रात्र ठेवली
की मुली मागे राहत नाहीत.

(मराठीत लेक म्हणजे तोही आणि तीही.
वायला ही सोय नाही.)

वाटणीच्या वेळी पेशीच्या मध्यावर
सगळे जोडीजोडीने उभे राहतात,
दोन्ही टोकांकडून दोऱ्या ताणल्या जातात.
बाकीच्यांचं निमूट उरकतं.
या मोडक्या चौघांचं मात्र दर दोनदा एकदा बिनसतं:
कुणाच्या पदरात तोच तुकडा दोनदा,
कुणाचा पदर रिकामा.
ते कोंड्याच्या लगद्यात अळीपणीच संपतात.
डॉन्या म्हणतात, व्यवहार आतबट्ट्याचा,
पण दुसरा नाही आपल्याकडे.

ओदिलियाच्या बापानेही वाटणी केली होती.
वरची कॉफी थोरल्याला, ओढ्याकडची धाकट्याला,
तिला शिवणयंत्र, पट्टा तुटलेलं.
पट्टा तिने सायकलच्या ट्यूबचा केला.
यंत्र चालतं.

मंगळवारी, नऊ नंबरच्या नळीत,
तपकिरी कोशातून मादी निघाली.
गरम पाण्यातून वाचलेली.
पंखांवर पट्टे, डोळे हिरवट जांभळे,
शेपटाशी अंडी घालायची सुई.
तिच्या बापाच्या अंगात, कुणाच्या लक्षात न येता,
तुकडा परत आपल्या जुन्या घरी गेला होता.
एवढंच. लाखातून एकदा होतं.
पण अशी एक हाती लागली
म्हणजे मूळ पिंजऱ्यात आणखी असणार,
आणि त्या टिकतात, वाढतात,
चार पिढ्यांत चौतीस अंश कुणालाच मारत नाहीत.

ओदिलियाने नळी उजेडात धरली.
माशी काचेवर पुढचे पाय चोळत होती,
चुलीवरून उठलेल्या बाईसारखी.
बराच वेळ.
मग तिने लाल पेनने रकान्यात एक लिहिला
आणि डॉन्यांना हाक मारली.

दुपारी पिंजरे रिकामे करून धुतले.
गाळणीच्या खोलीतून, जिथे दर पिढीला एकेक तपासतात,
नवं बियाणं आलं.

रविवारी भाऊ म्हणाला, विमानातून काय टाकता गं तुम्ही?
कॉफीचं त्या माशीने काय बिघडतं?
ती म्हणाली, तुझ्याकडे वाढते, संत्र्यांत जाते.
आम्ही तिला जावई पाठवतो. मिरवतात छान.
अंडी पोकळ निघतात.

तो हसला, कॉफी ओतली.
कुंपणाजवळच्या फांदीला सापळा लटकत होता, पिवळा.
तिने तो काढून पिशवीत घातला.
सोमवारी निळ्या दिव्याखाली उघडला:
अकरा माश्या. दहांच्या डोक्यावर
सोडताना लावलेली गुलाबी पूड चमकत होती.

अकरावी तिने चिमट्याने उलटी केली,
मग पुन्हा सुलटी.