हजारात तीस

लक्ष्मीपती शारजात टॉवेलच्या गोदामात आहे.
आपलाच माल उतरवतो, म्हणतो,
खोक्यावर अक्कलकोट रोडचा पत्ता असतो.
त्याचा पगार आता फोनमध्ये येतो,
स्टेबलकॉइनमध्ये.
स्टेबल म्हणजे स्थिर, मी अम्माला सांगितलं.
ती तेंदूच्या पानाला कात्री लावत होती.
'स्थिर तर आपला माग पण आहे,' म्हणाली,
'अकरा वर्षं झाली.'

चौकातल्या अल्ताफनं फोनवर हात ठेवून सांगितलं होतं,
एक म्हणजे एक डॉलर, अक्का, झोपेत पण एक.
कुंदूर सरांनी विचारलं, त्याच्या मागे काय आहे?
डॉलर आहेत, मी म्हटलं.
कुणी मोजलेत?
कंपनी म्हणते, मोजलेत.
सर बराच वेळ चष्मा पुसत राहिले.
मला एवढंच कळत होतं
की हिरवी खूण उमटते आणि पैसे येतात,
आणि दर महिन्याला येणारी गोष्ट
सुरक्षित वाटायला लागते.

पतसंस्थाही वाटायची.
संगमरवरी पायरी, आत गार.
मे महिन्यात अम्मा आठवड्याचे पन्नास भरायला जायची
आणि त्यांच्या पंख्याखाली पाऊण तास बसून यायची.
पासबुक अजून आहे. वर बालाजीचा फोटो.

मार्चमध्ये एका रात्री दोन वाजता
एकाचे झाले शून्य पूर्णांक सत्त्याण्णव.
लक्ष्मीपती फोन उचलेना.
अल्ताफच्या स्टेटसला गुलाब होता आणि शुभ रात्री.
मी पडद्यावर बोट ओढत राहिले, खाली, पुन्हा खाली,
जसं काही मी ओढल्यानं आकडा वर येणार होता.
अम्मा उठून बसली. काय झालं?
हजाराचे नऊशे सत्तर झाले, अम्मा.
'म्हणजे तीस छाट.'
हो.
'कारखान्यात चेकर बायकोशी भांडून आला
तर ऐंशी फेकतो.'
आणि भिंतीकडं तोंड करून झोपली.

मी नाही झोपले.
पहाटे नळाला पाणी आलं, पाचव्या दिवशी.
तिसरी घागर भरताना पाहिलं,
एक परत एक झाला होता,
रात्री काही घडलंच नाही असा.
छाट गेलेली बिडी अशी परत येत नाही.
मला त्या तीसपेक्षा
या परत येण्याचीच जास्त भीती वाटली.

मग लक्ष्मीपतीनं बारा शब्द पाठवले.
माझा फोन हरवला, मीच हरवलो, तर हे लागतील.
कुणाला सांगायचे नाहीत.
इंग्रजी शब्द, एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही,
नदी, मेणबत्ती, शेळी, कुंपण, असले.
बुडालेल्या पासबुकाच्या शेवटच्या पानावर
मी ते तेलुगू अक्षरांत लिहून दिले,
कारण अम्मा तेवढंच वाचते.

तिनं ते पाठ केले. कसे,
तर दुपारी गल्लीतल्या बायकांत बसून,
मांडीवर सूप घेऊन,
एका बिडीला एक शब्द, मोठ्यानं,
बारा झाले की पुन्हा पहिल्यापासून.
तिसऱ्या दिवशी शेजारची अंबूबाईची नात पण म्हणायला लागली.
मी तिला ओढतच आत नेलं. अम्मा, ही किल्ली आहे!
ती दारात उभी राहून दोरा दातानं तोडत म्हणाली,
'गल्लीनं ऐकलं तर चोर गल्लीतलाच निघेल.
त्याच्या दारात बसता येईल मला.
चेअरमनचं घर मला ठाऊक आहे,
शनिवारी माल द्यायला जाताना मी त्याच्या फाटकाशी थांबते.
तो पडदा ओढतो.
तुझ्या त्या एकाचं घर कुठाय?'

मी म्हटलं, घर नाही. म्हणूनच तर सुरक्षित.
ती हसली नाही, रागावली पण नाही.
बाहेर जाऊन बसली, पुन्हा पहिल्यापासून.

आज कान देऊन ऐकलं.
सातव्या जागी ती शेळी म्हणत नाही.
म्हैस म्हणते, स्वच्छ, इंग्रजीत,
आणि अंबूबाईची नात तिच्यामागे म्हैसच म्हणते.
विसरली, की लपवली?
विचारलं नाही.
रात्री उठून फक्त पासबुक उघडून पाहिलं.
शेळी होती जागेवर.