पाणसळ

कातोवित्से. जानेवारी. खोली नंबर चार.
हीटरची घरघर, काचेवर वाफ,
पुढ्यात कोरी गुणपत्रिका :
चौकट, वीसपैकी.

एकोणतीस वर्षं मी हेच करतो आहे,
दुसऱ्यांच्या चौकटींतलं
जास्तीचं आभाळ मोजतो.

कालिनाची फिल्म अकरा मिनिटांची.
पहिला शॉट : बिटोमची ट्राम, वळणावर.
वर जागा फार सोडली आहे.
ट्रामला कशाला हवं एवढं आभाळ?
दुसरा : गच्चीवर कबुतरांची खुराडी, बाप दाणे टाकतोय,
आणि हात नेमके मनगटाशी कापलेले.
चौकट सांध्यावर तोडू नये, मी लिहिलं.
सांध्यावर खाटीक तोडतो.
तिसरा बरा. जिन्यातला उजेड डावीकडून येतो
आणि खुंटीवरचा एक एप्रन,
कित्येक दिवसांत कुणी न घातलेला,
जिथे असायला हवा तिथेच लोंबतो.
समासात बरोबरची खूण केली.

चौथा : रविवारचं जेवण.
एर्विन, खाणीतून निवृत्त, टेबलाशी एकटा.
बशीत शेवयांचं सूप.
सबंध खोली दिसते, तीन मिनिटं, कॅमेरा हलत नाही,
आणि सगळंच डावीकडे कललेलं :
दार, कपाट, खिडकी,
भिंतीवरची संत बार्बरासुद्धा.

मी लाल पेन उचललं.
*क्षितिज तिरकं. तिरकेपणाला कारण नाही.
ट्रायपॉड लावताना पाणसळ बघावी,
हे पहिल्या सत्रात शिकवतात.*
पाच वजा.

ती समोर बसली होती, कोट अंगातच.
"बघितली होती, सर. बुडबुडा मधोमध होता."
मग?
"मग काय. घर तिरकं आहे.
खालचा कोळसा काढला ना.
बाबांनीच काढला, त्यांच्या पाळीत."

हे तिनं अशा सुरात सांगितलं,
की आमच्याकडे दूध सहाला येतं.

मी शॉट मागे नेला.
दिव्याची वायर छतातून खाली येते,
चौकटीच्या कडेशी समांतर, सरळ,
गवंड्याच्या ओळंब्यासारखी.
सगळ्या खोलीत तीच एक उभी.
आणि सूप. बशी कललेली,
सूप मात्र आडव्या रेषेत शांत,
डाव्या काठाला चढलेलं, उजवीकडे बशीचा तळ उघडा.
एर्विन बसलाय तो किंचित उजवीकडे रेलून,
नावेत बसतात तसा.
दोन मिनिटं दहा सेकंदांनी
तो खिशातून काड्यापेटी काढतो
आणि बशीच्या डाव्या अंगाखाली सारतो.
न बघता. चमचा तोंडाकडे जातच असतो.
मघाशी मी तिथे लिहिलं होतं : *हाताचा चाळा, कापावा.*

"पण बघणाऱ्याला हे कळावं कसं?" मी विचारलं.
(मास्तर हरला की
बघणाऱ्याच्या पाठीमागे लपतो.)
आधी दिव्याचा एक जवळचा शॉट टाक,
किंवा पाणसळच दाखव, बुडबुड्यासकट.
"नको," ती म्हणाली.
"तीन मिनिटं आहेत की त्यांच्याकडे."

खाली ट्राम गेली. काच थरथरली.
मी लाल ओळ खोडली, आणि ती खोडताना
रेघ जराशी वाकडी आली.
पाच गुण परत. काड्यापेटीवरची शेरेबाजीही खोडली.
मनगटं तशीच ठेवली.
त्या हातांनी काय काय केलं असेल, कळलं होतं आता;
म्हणून तर ते पूर्ण दिसायला हवे होते.

मग शेवटचा शॉट पुन्हा लावला.
वरच्या कोपऱ्यातून माइक डोकावतो,
लोकरीचा, भिजलेल्या मांजरासारखा,
सबंध चार सेकंद.

"हे काही घर कललं म्हणून नाही."
"नाही," ती म्हणाली, "ते मान्य."
दोन वजा.
ती उठून कोटाची बटणं लावू लागली.