किल्ल्यांचा जुडगा

खार्किव, सालतिव्का वसाहत, नऊ मजले, तिसरा जिना.
माझ्याकडे अकरा किल्ल्या आहेत. त्यातली एकच माझी.

बाकीच्या ज्यांच्या, ते कुणी व्रोत्स्वाफला,
कुणी जर्मनीत भाच्याच्या सोफ्यावर,
आणि एकजण कुठे आहे ते मी विचारत नाही.
त्याची बायकोही हल्ली आपणहून सांगत नाही.

निघताना सगळे एकच बोलले होते:
रायिसा युखिमिव्ना, दोन आठवड्यांचा प्रश्न आहे,
तेवढं झाडांना पाणी घाला.
दोन आठवड्यांचे तीन हिवाळे झाले.

मंगळवार आणि शनिवार.
लिफ्ट बंद. गुडघे म्हणतात खालून सुरू कर,
डबा म्हणतो वरून,
म्हणजे उतरताना मी हलका होत जाईन.
डब्याचं ऐकते.

नवव्यावर ग्रेबेन्यूकांचा फिकस, छताला टेकलेला.
खिडकीला काचेऐवजी प्लायवूड लागलं
तशी त्याने पानं टाकायला सुरुवात केली, एक, एक,
हिशेब चुकता केल्यासारखी.
मग त्याला सहाव्यावर आणलं, तिथे एक काच अजून शाबूत आहे.
अख्खा रविवार गेला.
मी आणि ती कुंडी,
दर पायरीवर एकमेकींची माफी मागत उतरलो.

सातव्यावर मिलेनाची व्हायोलेट. नखरेल.
पाणी बशीत, खालून. पानावर थेंब पडला की डाग.
ती फोनवर बजावते, मी हो हो म्हणते.
पलीकडची इमारत पडली त्या रात्री
छताचा सगळा चुना त्यांच्यावर आला.
नवऱ्याचा दाढीचा ब्रश अजून होता कपाटात.
एकेक पान झाडलं.
चौदा वर्षांनी त्या ब्रशाला काम मिळालं.

इथून सरहद्द इतकी जवळ
की आधी स्फोट होतो, मग भोंगा वाजतो,
जेवणं उरकल्यावर आलेल्या पाहुण्यासारखा.
सकाळी नारिंगी जाकिटातल्या बायका काचा झाडतात.
आवाजावरून कळतं मला
किती मजल्यांच्या आहेत.

पाचव्यावर लुकियान हार्माशची कोरफड.
तो पोल्तावाला गेला, आणि तिथेच गेला, झोपेत.
लेकीचा फोन आला: आता नका त्रास घेऊ.
मी बरं म्हटलं.
शनिवारी घातलं पाणी.

खोटंही बोलते.
चौथ्यावरचा एक निवडुंग केव्हाच सडला,
त्या जागी माझ्या कुंडीतलं रोप लावलंय.
फोटो मागतात, पाठवते.
किती वाढलाय, म्हणतात.
त्याच स्वयंपाकघरात डिसेंबरात लोंबती गुलाबी फुलं आली,
एवढी की मी परक्याच्या स्टुलावर बसून
परक्याच्या कपात चहा प्यायले
आणि कप विसळून पालथा घातला, होता तसा.

नळ कोरडा असला की ह्लीब बरोबर येतो,
दुसऱ्यावरचा, नऊ वर्षांचा.
शाळा मेट्रोच्या फलाटाशेजारी, जमिनीखाली,
तिथून आला की म्हणतो, वर फार उजेड आहे.
अंधाऱ्या जिन्यात बोटं फिरवून किल्ली ओळखतो:
ही दात पडलेली व्हायोलेटची, ही गंजकी कोरफडीची.
माणसांची नावं त्याला आठवत नाहीत.

परवा तिसऱ्यावर
किल्ली फिरली, कुलूप उघडलं, दार नाही.
चौकट तिरकी झाली होती, रात्रीच्या धक्क्याने.
खांदा लावला. ह्लीबने पाय लावला.
मग कान लावला मी,
काय ऐकायचं होतं कोण जाणे.
आत जेरेनियम आहे, दोन कुंड्या.

मामाची पहार आणतो, म्हणाला, शनिवारी.
शनिवारपर्यंत टिकेल.
जेरेनियम चिवट असतं, वास असला तरी.

भरलेला डबा दाराशीच ठेवून आलो.
पुन्हा चढवायला नको.