ड्रॉपर

सकाळी साडेसहाला,
जेट्टीवर डिझेलचा वास सुटायच्या आत,
मी तिचं नाक धरायचे.
आधी पाच थेंब, मग दहा, मग चमचाभर.
गंजलेल्या नांगराची चव असावी त्याला,
कारण थुंकताना झीना तोंड करायची
थेट बापासारखं,
इंजिनाचं तेल ओठाला लागल्यावर तो करतो तसं.

दात काळवंडले. शी काळी.
हिमोग्लोबिन नऊ पॉइंट आठ.
तीन महिन्यांनी, पुन्हा नऊ पॉइंट आठ,
एकाच पायरीवर फतकल मारून बसलेलं.

शेजारची फातून म्हणाली, कलेजी दे.
दुकानदाराने पावडर काढली, मलेशियाची,
डब्यावर गोबऱ्या गालांचं कुणाचंतरी पोर.
मी दिली. उधारीवर दिली.
कुठे कमी पडत असेल तर ती मीच,
हे मी कुणी न सांगता धरून चालले होते.

मग आमचं फुवामुला सोडून हिथधू,
स्पीडबोटीत पोरीला दोनदा उलटी.
डॉक्टर लमियाने कागद वाचले,
विचारलं, ही बाटली किती दिवस?
वर्ष झालं, मी म्हटलं. जरा अभिमानानेच.
तिने पेन खाली ठेवलं.
लोह भरपूर आहे हिच्या अंगात. पेशीच लहान आहेत,
जन्मापासून, आणि तशाच राहतील.
हा आजार नाही. बाटली बंद.

मग काय देऊ?

जेवण.

मी तशीच बसून राहिले.
एवढं पाणी कापून आल्यावर
माणसाला एखादी गोळी तरी लिहून द्यावी.
ती म्हणाली, याच्या नावात समुद्र आहे, ग्रीक शब्द.
असेल. आमच्याकडे समुद्र नाही
असं आहे तरी काय?
मग जाता जाता:
घरी गेल्यावर नवऱ्याचं कार्ड बघा.

कार्ड खणात होतं,
निकाहाच्या कागदाखाली, पंपाच्या बिलाला चिकटलेलं.
लग्नाआधीची तपासणी, सहा वर्षांपूर्वीची.
माझ्यापुढे नाही. शफीगपुढे वाहक.
दोघांपैकी एकच, म्हणजे काळजी नाही,
असं खिडकीतली बाई म्हणाली होती,
आणि माझ्या 'नाही'च्या आनंदात
त्याचं 'हो' वाचायचं राहूनच गेलं.

शफीग दारात उभा, हाताला खवले.
म्हणजे माझ्याकडून आलंय, तो म्हणाला.
मी म्हटलं, दिवसाला दोनशे टूना
काठीने उपसून डेकवर टाकतोस,
तुझं काय अडलंय?
तो हसला नाही. पण हात धुवायला गेला.

आता शेवग्याचा पाला, बारीक चिरून,
ओलं खोबरं, टूना, कांदा, वर लिंबू,
हाताने चुरून.
चुलीच्या राखेत भाजलेली अरवी, आमच्याच शेतातली.
तिचा काळा चहा, ज्यात ती पाव बुडवायची,
तो जेवणापासून लांब नेला,
त्यावरून दोन दिवस रडारड.
पाला ती वेचून वेचून कोंबड्यांना घालते.
पपई खाते. कधी नुसता भात.
वर्षाने रक्त तपासायचं, तेव्हा लोह खरंच कमी निघालं
तरच बाटली, तीही डॉक्टरने सांगितली तर.
हे मी कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवलंय.
आणि खाली, तिला वाचता येईल तेव्हासाठी:
लग्न ठरवशील तेव्हा त्याचं कार्ड
शेवटच्या ओळीपर्यंत वाच.

साडेसहाला अजूनही जाग येते.
हात फळीकडे जातो, रिकामा परततो.
तेवढा वेळ काय करायचं, कळत नाही.
काल ती माझ्याआधी उठलेली.
ओसरीवर उकिडवी बसून
शंखातल्या खेकड्याला ड्रॉपरने समुद्राचं पाणी पाजत होती.
तो आत ओढून घेत होता पाय.
गपचूप पी, ती दटावत होती, माझ्याच आवाजात,
आणि शंखाला नाक कुठे असतं
ते बोटाने शोधत होती.