कुठला फ्री?

शारजात, टायरवाल्यांच्या मागच्या गल्लीत
मी अक्षरं कापतो.
व्हिनाइलचा लाल रोल, पिवळा रोल, मशीनचं पातं.
पात्यानं रेघ मारली की बाहेरचं सगळं
नखानं सोलून टाकायचं.
अक्षर सुटं होतं. लगेच ते
कुणाच्या तरी काचेला चिकटवायचं.

सगळ्यात जास्त कापलेला शब्द : फ्री.
एफ, आर, दोन ई. झोपेतही कापीन.
कुन्हम्मदच्या कॅफेटेरियाला होम डिलिव्हरी फ्री.
दातांच्या दवाखान्याला पहिली तपासणी फ्री,
दुसरीचं बोर्डावर मावत नाही.
बेकरीला शुगर फ्री.
सलूनला दाढीवर मानेचा कडाका फ्री.

उजव्या अंगाला अरबी लागतं.
ते लिहितात उस्ताद इद्रीस, ओमदुर्मानचे,
चष्मा कपाळावर, चहात पाच चमचे साखर.
दर वेळी विचारतात, कुठला फ्री?
पैसे पडत नसतील तर मज्जानी.
साखर नसेल तर खाली.
कुणाचा हुकूम चालत नसेल तर हुर्र.
तीन घरं वेगळी, म्हणतात,
आणि तुम्ही इंग्रज एकाच दारातनं आत शिरता.

मी इंग्रज नाही, उस्ताद, मी दाभोळचा.
आणि आमच्याकडे हुर्र म्हणतात
वाळवणावरच्या चिमण्यांना.
ते इतके हसले की
चष्मा कपाळावरून नाकावर आला.

माझा व्हिसा फ्री आहे.
म्हणजे दर दोन वर्षांनी साडेनऊ हजार दिरहम.
कागदावर मी खोर फक्कानच्या एका होडीवरचा खलाशी.
होडी मी पाहिली नाही, होडीनं मला पाहिलं नाही.
अरबाब भला माणूस. फोन उचलतो.
एकदा विचारलं, उस्ताद, हा कुठला?
त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला,
परत कपाळावर ठेवला.
म्हणाले, हा अरबीत लिहीत नाहीत.

तपासणीची पांढरी गाडी गल्लीत वळली की
विजयनशेठ कॅलक्युलेटरवरून मान न उचलता म्हणतो,
परकार, जरा फ्री हो.
मग मी मागच्या दारानं फ्री होतो.
टायरच्या चळतीआड उभा राहतो,
बोटांना चिकटलेली लाल कात्रणं खिशात लपवून.
ऑगस्टात एकदा सव्वादोन तास फ्री होतो.
बुटाचा तळवा डांबराला चिकटून राहिला.

रात्री खैरूनचा फोन.
झालास मोकळा?
एवढ्यात ती जेवलास का, पैसे टाकलेस का,
कुणाशी वाजलं का, सगळं विचारून घेते.
मग तिच्याकडचं :
धाकटीला केस मोकळे सोडून शाळेत जायचंय.
मशिदीमागची जागा अजून मोकळी आहे.
आणि सकिना मोकळी झाली.

मधेच आवाज तुटला.
सकिना माझी बहीण. आठवा महिना,
पाय सुजलेले, दोनदा चिपळूणला नेलेली.
मी खाटेवर उठून बसलो.
मोकळी म्हणजे?
खैरून, कुठली मोकळी?
वरच्या खाटेवरच्या नेपाळ्यानं बत्ती लावली.
पडद्यावर ते गोल चक्र फिरतंय, फिरतंय,
आणि माझी आईची भाषा
दोन दारं उघडी टाकून गप्प उभी.

मुलगी झाली रे. सव्वादोन किलो.
रडते मात्र तीन किलोचं.

सकाळी अख्ख्या गल्लीला करक चहा सांगितला.
टायरवाला गुल झरीन कप हातात घेऊन म्हणाला,
कितीचा?
मज्जानी, मी म्हटलं.
उस्तादांनी बोट वर केलं : आज बरोबर.
सहावा चमचा घातला.
मुलीचं नाव अजून ठरलेलं नव्हतं,
तरी मी लाल तुकडा बाजूला काढून ठेवला होता,
एवढ्यात गल्लीच्या तोंडाशी
पांढरी गाडी वळली.

विजयनशेठ आत होता, त्यानं पाहिलंच नाही.
उस्तादांनी पाहिलं.
कप खाली न ठेवता,
माझ्याकडे न बघता,
हळूच म्हणाले,
हुर्र.