काटा बसेपर्यंत

नाना पेठेत, स्पेअरपार्टच्या दुकानावर आमचं ऑफिस.
खालून ग्रीसचा वास, वर मी आणि कॅल्क्युलेटर.
कबड्डी संघाचा हिशेबनीस.
आयुष्यात चढाई एकच केली, सातवीत असताना.
मध्यरेषा ओलांडली आणि दम सुटला,
भीतीनं नाही, हसू आलं म्हणून.

लीगचा नियम साधा आहे:
एक कोटी वीस लाख, वर एक रुपया नाही.
शेठ श्रीमंत असो की शेठचा सासरा.
आजवर गेले सत्त्याण्णव.
उरले तेवीस.
आणि सोमवीर ढांडा मागतो एकसष्ट.

सोमवीर मी बघितलाय,
बालेवाडीला, आमच्याच विरुद्ध.
तिघांच्या मिठीतून असा गेला
जशी गटाराच्या जाळीतून किल्ली जाते,
दिसत राहते आणि हाती लागत नाही.
एका चढाईत चौघे बाद,
आणि परत येऊन वाकून बुटाची नाडी बांधत बसला.

बोरा शेठ फोनवर: "आणा त्याला.
पोस्टरला चेहरा पाहिजे, पकड करणाऱ्याचं पोस्टर कोण लावतं?"
खरंय.
पकड करणाऱ्याची फोटोत येते पाठ,
पाठीवरचा नंबर,
आणि दुसऱ्याचा घोटा.

मी वजाबाकी मांडली.
डावा कोपरा, अल्ताफ मुजावर: एकवीस.
त्याच्या शेजारचा, निवृत्ती वाघोले: सतरा.
हे दोघे सोडले तर अडतीस मोकळे.
सत्त्याण्णवातून अडतीस गेले, एकोणसाठ.
एकोणसाठ अधिक एकसष्ट,
एक कोटी वीस.
इतकं चपखल की मीच दचकलो.
माझ्या धंद्यात पहिल्या फटक्यात जुळलेला ताळेबंद
पुन्हा तपासायचा असतो.

पुन्हा तपासला.
अल्ताफचा उजवा पंजा वाघोल्याच्या डाव्या पंजात असतो,
सहा मोसम.
कधी थांबायचं, कधी झेपावायचं, ते बोटं एकमेकांना सांगतात.
करार मात्र दोन, वेगवेगळ्या फायलींत.
त्या बोटांना माझ्या तक्त्यात रकाना नाही.

ढमढेरे सर म्हणाले,
"सोमवीर वीस गुण आणेल.
डावीकडून बावीस जातील.
मी कबड्डी शिकवतो, गणित तुमचं."

वाघोले फोन उचलेना.
सकाळी मार्केट यार्डात गेलो, सुटकेचा कागद खिशात घडी करून.
त्याचे वडील तिथे तोलणार.
गुळाची ढेप काट्यावर होती, मुलगा पुढची उचलत होता,
मला बघून त्यानं मान हलवली,
कागदाबद्दल त्याला कळलं असावं.
काटा हलत होता. काहीतरी बोलायचं म्हणून मी आकडा वाचला.
"थांबा," म्हातारा म्हणाला,
"बसू द्या त्याला.
हलता काटा घेणाऱ्याचा,
बसलेला काटा दोघांचा."
मग माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला.
कागदाला तेलकट डाग पडला, तो त्याचाच.

रात्री अकरा चाळीस. बाराला खिडकी बंद.
शेठचे सात मिस्ड कॉल.
मी सोमवीरलाच फोन लावला,
आणि तोंडातून निघालं, तेवीस.
तिकडे हसू. बराच वेळ हसू.
मग म्हणाला, पुण्याला यायला आवडलं असतं,
पण एक सांगा,
तुमच्या डाव्या कोपऱ्यात अजून तोच आहे ना?
त्यानं धरलेला घोटा थंडीत अजून ठणकतो.

हो, मी म्हणालो, आहे.
आणि त्याच्या शेजारचाही आहे.

आधी म्हणून गेलो.
ठरवलं होतं की नाही, ते नंतर बघितलं.
खाली दुकानाचं शटर कुणीतरी ओढलं,
आणि फोन पुन्हा वाजायला लागला.